विहीणबाईंचा टॅबलेट

धारच्या दफ्तरदारांकडे काहीतरी विसरून जाण्याची पाहुण्यांची जुनी पद्धत आहे. छत्री, कवळी, जपाची माळ, एकदा तर एक आख्खे मेव्हणे, असं सगळं त्या घरात मागे राहिलेलं आहे आणि यथावकाश परतही गेलेलं आहे. त्यामुळे पाहुणे गेल्यावर पलंगाखाली वाकून बघणं हा विनोदिनीबाईंच्या झाडलोटीचाच भाग होता. त्या मंगळवारी मात्र त्यांना वाकावं लागलं नाही. उशी उचलली आणि खाली निळी कापडी पिशवी निघाली. पिशवीत टॅबलेट. सोबत पांढरा चार्जर, त्याला चपट्या पत्र्याच्या दोन दांड्या.

"अहो," विनोदिनीबाईंनी हाक मारली, "विहीणबाईंचा टॅबलेट राहिला."

उमाशंकर दफ्तरदार सर ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवी मांडीवर घेतली. टॅबलेट साधा नव्हता. विहीणबाईंच्या टोरांटोत राहणाऱ्या थोरल्या मुलाने, रणवीरने, तो त्यांना तिकडे घेऊन दिला होता. म्हणजे परदेशी वस्तू, तीही विहीणबाईंची, आणि लग्न दीड महिन्यावर.

या लग्नाबद्दल थोडं सांगायला हवं. देवश्री सरांची एकुलती एक मुलगी. ती इंदूरला नोकरी करत होती. तिच्यासाठी चार वर्षं स्थळं बघणं चाललं होतं आणि पुणे, बंगळूर, टेक्सास अशी एकाहून एक चांगली स्थळं सरांनी नाकारली होती. त्यांची अट एकच होती. सकाळी बसने निघावं, मुलीच्या हातचा चहा प्यावा, आणि दिवेलागणीला धारला परत यावं. टेक्सासला हे जमण्यासारखं नव्हतं. मग देवासच्या पोतनीसांचं स्थळ आलं. मुलगा अजेय तिथल्याच एका कारखान्यात इंजिनीअर. धार ते इंदूर, इंदूर ते देवास, मधे बस बदलण्यासकट तीन तास. सरांनी घड्याळ लावून दोनदा जाऊन पाहिलं होतं. "आमचा अजेय देवास सोडून कुठं जातोय!" असं व्याही नारायणराव स्वतः म्हणाले होते, तेही टेकडीवरच्या देवीकडे हात करून. साखरपुडा झाला. याद्या करायला पोतनीस मंडळी धारला एक रात्र राहून गेली. याद्याही झाल्या. आता काही बिघडायचंच असेल तर ते बिघडवायला एखादी वस्तू लागणार होती, आणि ती सरांच्या मांडीवर होती.

सरांनी बाजूचं बटण दाबलं. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं एक लाल चित्र आलं आणि लगेच विझलं.

"मेला की काय?" सर म्हणाले.

"चार्जिंग संपलंय," विनोदिनीबाई म्हणाल्या. "थांबा, मी त्यांना फोन करते."

विहीणबाईंकडे, म्हणजे विद्युल्लताबाईंकडे, स्वतःचा असा एक बटणांचा छोटा फोन होता. तो त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"अगंबाई, तिथं राहिला का? राहू द्या हो. घाई नाही."

"आम्ही आणून देतो की. रविवारी येतात हे. चार्जिंग तेवढं संपलेलं दिसतंय."

"राहू द्या, राहू द्या. चार्ज-बिर्ज काही करू नका. त्याचा प्लग आपल्याकडे बसतच नाही मुळी. पडू दे तसाच."

विनोदिनीबाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "फुल चार्ज करून द्यायला लागेल."

बाहेरच्या माणसाला हे उत्तर विचित्र वाटेल. पण धार-देवासच्या मराठी घरांत तीन पिढ्यांपासून भाषेचा एक नियम आहे. पाहुणा ताटावर हात आडवा धरून "राहू द्या" म्हणाला, की त्याला एक पोळी वाढायची. दोनदा म्हणाला, की वर तूप घालायचं. जो खरोखरच थांबतो, त्याच्या घरी "दफ्तरदारांनी वाढलं नाही" ही गोष्ट त्याच्या नातवंडांपर्यंत जाते. विद्युल्लताबाई तर तीनदा "राहू द्या" म्हणाल्या होत्या, आणि वर "काही करू नका".

"शिवाय," विनोदिनीबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देतात का कुणी?"

"ते भांडं नाही, विनोदिनी."

"मग काय आहे? त्यात काही भरता येतं आणि ते आत्ता रिकामं आहे. भांडंच झालं."

सरांनी टॅबलेट पुन्हा पिशवीत ठेवला. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी शाळेत, हिंदी माध्यमातून, भौतिकशास्त्र शिकवलं होतं. विभवांतर, प्रतिरोध, प्रत्यावर्ती धारा हे शब्द झोपेतही त्यांच्या तोंडून व्याख्येसकट निघत. पण घरातला बल्ब बदलायला विनोदिनीबाई स्टुलावर चढत, आणि सर खालून स्टूल धरून सूचना देत.

त्यामागे कारणही होतं. खूप वर्षांपूर्वी त्यांच्या मावसभावाने अमेरिकेहून एक इस्त्री आणली होती. घरात मुंज होती. मावसभावाने विचारलं, "उमा, तू सायन्सवाला. लावू का रे इथं?" सर तेव्हा ताजे बीएस्सी होते. ते म्हणाले, "लाव की. वीज ती वीज." अमेरिकेतली वीज एकशेवीस व्होल्टची आणि आपली दोनशेतीसची, हे त्यांना माहीत होतं. परीक्षेत लिहूनही आले होते. फक्त त्या क्षणी आठवलं नाही. इस्त्रीने आधी गुरगुर केली, मग निळा धूर काढला, आणि मुंज्याच्या बापाच्या कोशाच्या सोवळ्याला, बरोबर मागच्या बाजूला, इस्त्रीच्याच आकाराचं भोक पडलं. त्या दिवसापासून घराण्यात कुठेही काही जळालं, अगदी आमटी जरी लागली, तरी कुणीतरी म्हणतंच, "उमाला विचारून ठेवली होती का?"

म्हणून बुधवारी सकाळी सर चार्जर रुमालात गुंडाळून फत्तेसिंगच्या दुकानात गेले. फत्तेसिंग हा त्यांचाच विद्यार्थी. त्याचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर धारला आले होते. तो स्वतः दहावीला दोनदा बसला होता आणि आता त्याचं बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान होतं.

"या सर, या. अरे भिया, सरांना स्टूल दे ना जरा," तो एका गिऱ्हाइकाला म्हणाला. "काय जळलं सर?"

"अजून काही जळलेलं नाही," सर गंभीरपणे म्हणाले आणि रुमाल सोडला.

फत्तेसिंगने चार्जर हातात फिरवला. ड्रॉवरमधून एक पांढरी पिन काढली. मागे तिला आपल्याकडच्या दोन गोल दांड्या होत्या, पुढे चपट्यांसाठी फटी. चार्जर तिच्यात खट्कन बसला.

"हे घ्या. लावा आणि विसरून जा."

"विसरून जा?" सर म्हणाले. "अरे, ही पिन फक्त आकार बदलते. विभवांतराचं काय? तिकडे एकशेवीस आहे. इथं दोनशेतीस. ट्रान्सफॉर्मर नको का?"

"सर, विभवांतरातच तुम्ही मला नापास केलं होतं," फत्तेसिंग प्रेमाने म्हणाला. "पण हे बघा, चार्जरवर लिहिलेलं असतं." त्याने चार्जरच्या पोटावरची करडी अक्षरं मोबाइलने टिपली आणि बोटांनी मोठी केली. "इनपुट, शंभर ते दोनशेचाळीस. बघा. मतलब टोरांटोत पण चालतो आणि टोंकखुर्दला पण चालतो. आजकाल सगळे असेच येतात. तुमच्या त्या इस्त्रीचा जमाना गेला."

इस्त्रीची गोष्ट बाजारापर्यंत पोचली होती हे सरांना त्या दिवशी कळलं.

"आणि छापलेलं चुकीचं असेल तर?"

"मग सर, तुम्ही आम्हाला पुस्तकातून काय शिकवत होते?"

फत्तेसिंगने आणखी एक तोड सुचवली. तार तर साधीच आहे, तुमच्या मोबाइलचा चार्जर लावला तरी काम होऊन जाईल. ते ऐकून सर दचकलेच. विहीणबाईंच्या वस्तूला आपल्या घरचा चार्जर? उद्या बॅटरी फुगली, तर देवासला काय सांगायचं? "पाहुणीच्या बाळाला आपल्या मनाने औषध पाजत नाहीत," असं म्हणून ते पिन घेऊन निघाले.

पिन आणल्यानंतर गुरुवार गेला, शुक्रवार गेला. सरांचं धैर्य होईना. ते दिवसातून चार वेळा भिंग घेऊन चार्जरचं पोट वाचत आणि दर वेळी तिथे शंभर ते दोनशेचाळीसच लिहिलेलं असे. शनिवारी दुपारी विनोदिनीबाई म्हणाल्या, "उद्या जायचंय ना? लावता की मी लावू?"

तेव्हा सरांनी प्रयोगाची तयारी केली. शाळेच्या प्रयोगशाळेचे सगळे नियम त्यांनी एकेक करून आठवले. मधल्या खोलीत जमिनीवर लाकडी पाट मांडला, कारण लाकूड कुचालक, त्यातून वीज जात नाही. पाटावर टॅबलेट ठेवला. शेजारी वाळूची बादली. लांब वायरचा बोर्ड आणून त्याचं बटण उंबऱ्यापलीकडे घेतलं. पायात रबरी चपला घातल्या, हात पंचाला कोरडे केले आणि विनोदिनीबाईंना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायला सांगितलं.

"पाटावर बसवलंच आहे," त्या म्हणाल्या, "तर हळदकुंकू आणू का?"

"थट्टा नको. काही झालं तर आधी मेन बंद करायचा. मला हात लावायचा नाही."

"एवढी वर्षं तेच करतेय."

सरांनी डोळे मिटले आणि पायाच्या अंगठ्याने बटण दाबलं.

काहीच झालं नाही. धूर नाही, आवाज नाही. पंखा फिरत होता, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मग टॅबलेटच्या काळ्या पडद्यावर एक छोटी हिरवी बॅटरी उगवली.

सरांना एकदम घाम आला. इतकी वर्षं अडून राहिलेला घाम होता तो. ते पाटासमोर मांडी घालून बसले, आणि एका जुन्या वहीत दर दहा मिनिटांनी नोंद करू लागले. किती टक्के झाले, टॅबलेटच्या पाठीला उपडा हात लावून तो किती गरम, आणि शेवटच्या रकान्यात 'वास'. वासाच्या रकान्यात ते दर वेळी 'नाही' लिहीत. सात टक्के, चौदा टक्के. टॅबलेट आपोआप चालू झाला. विद्युल्लताबाईंनी त्याला कुलूप लावलेलंच नव्हतं. पडद्यावर बर्फात उभे राहिलेले पोतनीस नवराबायको आले. सरांनी बोटसुद्धा लावलं नाही. दुसऱ्याचं पत्र आणि दुसऱ्याचा टॅबलेट यांत फरक नाही, असं त्यांचं मत होतं.

एकेचाळीस टक्के झाले आणि टॅबलेट बोलू लागला.

टिंग. टिंग. टिंग. सर उडी मारून वाळूच्या बादलीमागे गेले. पण ते जळण्याचे आवाज नव्हते. पाहुणे राहिले होते त्या रात्री देवश्रीने होणाऱ्या सासूबाईंना घरचं वायफाय जोडून दिलं होतं. टॅबलेटला ते आठवलं होतं, आणि पाच दिवस अडकून पडलेले निरोप आता एकावर एक उतरत होते. सरांनी ते उघडले नाहीत. ते आपणहून पडद्यावर येत होते, मोठ्या अक्षरांत, कारण विद्युल्लताबाईंना लहान अक्षर दिसत नसे.

'रणवीर: आई, उचलत का नाहीस? रोज साडेपाचला लावतोय.'

'रणवीर: अजेयचं परमिट आलं. दहा जानेवारीला इकडे जॉइन करायचंय. देवश्रीचंही सोबतच होईल.'

'रणवीर: याद्यांच्या वेळी धारला सांगणार होतीस ना? सांगितलंस का? दफ्तरदार काकांना आणि बाबांना एकदमच सांग. बाबांना आधी कळलं तर बीपी वाढेल.'

सरांनी तीनही निरोप दोनदा वाचले. मग वहीत दोन वाजून चाळीस मिनिटांची नोंद करायची राहिली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वेळ लिहिली, टक्के लिहिले, गरम लिहिलं, आणि 'वास'च्या रकान्यात पेन टेकवून तसेच बसून राहिले.

"काय झालं?" विनोदिनीबाई आत आल्या. "जळला?"

सरांनी पडद्याकडे बोट केलं. विनोदिनीबाई चष्मा लावून वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या.

"तरीच," त्या म्हणाल्या आणि पाटाशेजारी जमिनीवरच बसल्या. "विहीणबाई मला म्हणत होत्या, रुखवतात भांडी नकोत, दोन मोठ्या चाकांच्या सुटकेसा द्या. मी म्हटलं, देवासला काय कपाटं नाहीत?"

"व्याह्यांनी देवीकडे हात केला होता," सर म्हणाले.

"त्यांनाही माहीत नाही म्हणतोय तो."

"मग माहीत कुणाला आहे?"

दोघांच्या डोक्यात एकच नाव होतं. सरांनी मोबाइल घेतला आणि देवश्रीला लावला. शनिवार असूनही ती या आठवड्यात धारला आली नव्हती, ऑफिसात काम आहे म्हणाली होती. सरांनी ठरवलं की आडून विचारायचं. मुलगी एकदम दुखावली जाऊ नये.

"काय गं, कशी आहेस?"

"बरी आहे बाबा. बोला ना."

"काही नाही. त्या टॅबलेटचं... तो चार्ज होतोय."

पलीकडे कीबोर्डचा खडखडाट चालला होता, तो थांबला.

"चालू झाला?" देवश्रीने विचारलं.

"झाला."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तो नेऊन द्या. मग बोलू या आपण. हं?"

फोन बंद झाल्यावर सर विनोदिनीबाईंकडे पाहत म्हणाले, "तिला माहीत आहे."

"परत फोन लावा. स्पष्ट विचारा."

"नको," सर म्हणाले. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. त्याचीच त्यांना भीती वाटत होती. "आता हा काढून ठेवू का? एकेचाळीसवर?"

विनोदिनीबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला. "मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी लपवलं म्हणून आपण अर्धं भांडं द्यायचं? शंभर करा."

त्या रात्री शंभर झाले. सर झोपले नाहीत, पण ते विजेच्या भीतीने नव्हे.

रविवारी दुपारी ते इंदूरच्या बसमध्ये बसले. मांडीवर निळी पिशवी, तिच्यात टॅबलेट, चार्जर, पिन, आणि विनोदिनीबाईंनी ठेवलेला अनारशांचा डबा. लग्न मोडायला निघालो असलो तरी रिकाम्या हाताने जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लग्न मोडायचं की नाही हे मात्र ठरलं नव्हतं. सरांनी सकाळपासून तीन भाषणं तयार केली होती. पहिल्या भाषणात ते व्याह्यांना शब्दाची आठवण करून देत होते. दुसऱ्यात स्वतःच माफी मागत होते, कारण निरोप वाचले होते. तिसरं भाषण फक्त चहा उत्तम झाला असं होतं. घाटाबिल्लोदला त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. नव्याण्णव. टॅबलेट बंद करायचा राहून गेला होता. इंदूरला बस बदलताना सत्त्याण्णव. सरांचा जीव वरखाली होऊ लागला. मुलगी सातासमुद्रापार चालली होती आणि आपल्याला टक्के उतरल्याचं दुःख होतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण त्याला इलाज नव्हता. टक्के दिसत होते, समुद्र दिसत नव्हता.

पोतनीसांचं घर टेकडीच्या पायथ्याशी आहे. दार नारायणरावांनी उघडलं.

"या या, उमाशंकरराव! अहो, एवढ्यासाठी कशाला त्रास? अजेय आला असता की. तो आज मित्राकडे गेलाय बागलीला." त्यांनी पिशवी पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला. "आला आमचा टॅबलेट! बरं झालं बुवा. पाच दिवस रणवीरचं तोंड दिसलं नाही. मी हिला म्हणतोय, माझ्या मोबाइलवर बोलव त्याला, तर म्हणते त्यात चेहरा लहान दिसतो."

विद्युल्लताबाई आतून आल्या. पिशवीकडे बघून हसल्या. "ठेवा ना तिथं कोपऱ्यात. उगीच आणलात. बंदच असेल."

"नाही," सर म्हणाले. "चार्ज केलाय. शंभर होता. आता शहाण्णव आहे, त्याबद्दल क्षमा करा."

विद्युल्लताबाईंचं हसू जिथल्या तिथे राहिलं. "चार्ज केलात? पण त्याचा प्लग..."

"पिन मिळते की. फत्तेसिंगकडे."

"बघा!" नारायणराव टाळी देत म्हणाले. "आणि ही मला सांगत होती, भारतात ती पिनच मिळत नाही. थांबा, आज चहा मी करतो. आलं घालून." आणि ते स्वयंपाकघरात गेले.

खोलीत दोघंच उरली. घड्याळात पाच वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. विद्युल्लताबाईंनी पिशवीतून टॅबलेट काढला, पडद्यावरचे निरोप पाहिले, आणि मग सरांकडे पाहिलं.

"वाचलंत?"

"उघडले नाहीत," सर म्हणाले. तीनही भाषणं त्यांना आठवेनात. "आपणहून आले."

विद्युल्लताबाई खुर्चीत बसल्या. स्वयंपाकघरात खलबत्त्याचा आवाज चालला होता, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "सांगितलं होतं ना हो मी. राहू द्या म्हटलं, काही करू नका म्हटलं. चांगलं तीनदा."

"आम्हाला वाटलं, तुम्ही म्हणायचं म्हणून म्हणताय."

"खरंच म्हणत होते! टोरांटोहून येताना आणलेली पिन मीच डब्यात लपवून ठेवलीय, तांदळाच्या. रणवीरला सांगितलं, इथं प्लग बसत नाही. तरी थोडं चार्जिंग शिल्लक होतं, रोज साडेपाचला वाजायचा. सांगितलंस का, सांगितलंस का. शेवटी तुमच्याकडे उशीखाली ठेवून आले. म्हटलं, तिथं आपोआप संपेल. लग्न होऊन जाऊ दे, मग बघू." त्यांनी पदराने पडदा पुसला. पडदा स्वच्छच होता. "थोरला गेलाच. धाकटाही जाणार, हे मी यांना कसं सांगू? अजेय म्हणतो, आई तू सांग. तुमची देवश्री म्हणते, आई तुम्ही सांगा. मीच का सांगू सगळ्यांना?"

सर रागवायला आले होते. राग त्यांनी इंदूरपासून नीट जपून आणला होता. पण समोरची बाई त्यांच्याहून जास्त घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसावर ओरडायचं कसं, हे त्यांना शाळेतही जमलं नव्हतं.

"तुम्हाला वाटतं त्यांनी जावं?" त्यांनी विचारलं.

"मला विचारलंय कुणी?"

तेवढ्यात टॅबलेट वाजला. आधी कंप, मग शीळ घातल्यासारखी धून. पडद्यावर रणवीरचा फोटो उघडझाप करू लागला. विद्युल्लताबाईंनी तो पालथा घातला. धून उलट मोठी झाली.

"वाजू द्या," त्या कुजबुजल्या. "बंद पडेल."

"नाही पडणार," सर म्हणाले. "शहाण्णव टक्के आहे."

"अहो, रणवीर असेल! उचला ना कुणीतरी!" नारायणराव ट्रे घेऊन दारात उभे होते. ट्रेमध्ये चार कप, कारण ते नेहमी एक जास्त करत. "माझे हात अडकलेत. उमाशंकरराव, ते हिरवं बटण दाबा हो."

सरांनी विद्युल्लताबाईंकडे पाहिलं. बटण दाबलं नसतं, तर काहीच झालं नसतं. लग्न झालं असतं, वाजंत्री वाजली असती, त्यांची अट याद्यांच्या कागदावर सुखरूप राहिली असती, आणि जानेवारीत कुणीतरी कुणालातरी फोन केला असता. त्यांना तेच हवं होतं. तरीही त्यांनी टॅबलेट सुलटा केला, हिरवं बटण दाबलं आणि पडदा नारायणरावांच्या बाजूला फिरवला.

"आई, शेवटी... अरे, बाबा?" रणवीर गोंधळला. "आई कुठाय?"

"मी इथंच आहे," विद्युल्लताबाई म्हणाल्या. त्या उठल्या, नवऱ्याच्या हातातला ट्रे काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "रणवीर, तू गप्प बस. मी सांगते."

त्यांनी सांगितलं. फार वेळ लागला नाही. एवढ्या दिवसांचं ओझं चार वाक्यांत संपलं. नारायणरावांचं बीपी वाढलं की नाही ते कळलं नाही. ते फक्त कपांकडे पाहत होते. मग म्हणाले, "उमाशंकरराव, मी तुम्हाला शब्द दिला होता."

"हो."

"तो द्यायचा हक्क माझा नव्हताच. अजेयचा होता. आता तुम्ही म्हणाल तसं. मोडायचं म्हणालात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही."

सगळे सरांकडे पाहू लागले. टॅबलेटमधून रणवीरही पाहत होता. सरांनी खिशातून मोबाइल काढला, देवश्रीला लावला, आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"बाबा?" तिने पहिल्याच घंटीला उचलला. "सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं. आता तू सांग."

फोनमधून इंदूरच्या रस्त्याचे आवाज येत होते.

"मला जायचंय, बाबा," देवश्री म्हणाली. "अजेय म्हणतो म्हणून नाही. मलाच जायचंय. पण तुम्ही नाही म्हणालात तर..."

सरांना पुष्कळ काही म्हणायचं होतं. त्यातलं जे पहिलं हाताला लागलं ते त्यांनी विचारलं. "तिथं थंडी फार असते म्हणतात."

"हो, असते."

"किती जाते खाली?"

"कधी कधी उणे वीस."

सरांच्या कपाळाला आठी पडली. "सेल्सिअस की फॅरनहाइट?"

"सेल्सिअस, बाबा."

"सेल्सिअस," सर नारायणरावांना म्हणाले, जणू त्यांनी ऐकलंच नव्हतं. मग मोबाइल तोंडाशी आणून म्हणाले, "मग कोट चांगला घ्यायला लागेल. येत्या शनिवारी ये धारला, आईबरोबर बसून ठरवू."